ऐकणाऱ्याचं वय

हल्लीच्या गाण्यांत काही राम उरला नाही, असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक मराठी घरात असतंच. तक्रार जुनी आहे, फक्त आरोपी बदलत आलेत. बालगंधर्वांच्या पदांवर पोसलेल्या रसिकांना भावगीत पातळ वाटलं. भावगीतावर वाढलेल्यांना सिनेमातला वाद्यवृंद कर्कश वाटला. पन्नासच्या दशकात ज्यांनी वडीलधाऱ्यांची बोलणी खात सिनेमाची गाणी ऐकली, त्यांनीच ऐंशीच्या दशकात डिस्कोच्या कॅसेटी लावणाऱ्या पोरांना तीच बोलणी ऐकवली. ती पोरं आता पन्नाशी-साठीत आहेत आणि २०१६ च्या ‘सैराट’नंतर वरातीत जे काही वाजतं, त्याबद्दल त्यांचं मत काय आहे हे कुणालाही विचारावं लागत नाही.

या तक्रारीवर एकदा सरकारी मोहोरही उमटली होती. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, आणि सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ देशभरच्या श्रोत्यांनी कोलंबोच्या हवाली केली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांच्या काळात शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर जी हक्काची जागा मिळाली तिचं मोल मोठं आहे. पण आवड हुकमानं घडत नाही, एवढं त्या पाच वर्षांत सिद्ध झालं.

मग ती घडते कशी? एका ठरावीक वयात ती पक्की होते, हे खरं का? आणि ती परिपक्व होते असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय बदललेलं असतं: गाणं, कान, की ऐकणारं माणूस? गेल्या काही दशकांत मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान या प्रश्नांकडे बारकाईनं पाहू लागलं आहे. त्यांची उत्तरं आणि आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्यांचा अनुभव शेजारी ठेवून पाहिला, तर आवड गोठते ही समजूत अर्धीच खरी आहे असं दिसतं.

सुरुवात फार लवकर होते, बोलता येण्याच्याही आधी. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोन संशोधिकांनी २००५ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. बाल्कन भागातल्या लोकसंगीतात विषम लयीचे ठेके असतात, म्हणजे दोन-दोन-तीन अशा असमान तुकड्यांचे. अशा धुनांमध्ये मुद्दाम लय मोडून ती उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना ऐकवली, तर त्यांना चूक लक्षात येईना. बाल्कन देशांतून आलेल्या प्रौढांना ती चटकन कळे. आणि अमेरिकेतल्याच सहा महिन्यांच्या बाळांनाही कळे! एक वर्षाच्या बाळांची मात्र प्रौढांसारखी गत झालेली होती. घरात जे कानावर पडत नाही ते ओळखण्याची ताकद त्यांनी सहा महिन्यांत गमावली होती. दोन आठवडे घरी तसं संगीत लावलं तर वर्षाच्या बाळांची ती ताकद परत आली. तेवढ्याच ऐकण्यानं प्रौढांची परत आली नाही.

असाच विषम हिशेब आपल्या रूपक तालात आहे, तीन-दोन-दोन. झपतालात आहे, दोन-तीन-दोन-तीन. ज्या घरात नाट्यपदं, अभंग, आरत्या रोज कानावर पडतात, तिथलं मूल रूपक हे नाव शिकण्याच्या कितीतरी आधी त्याचा झोका ओळखत असणार. संगीताचं घर म्हणतो ते हेच. वंशात गाणं असण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, पाळण्यापाशी गाणं असणं महत्त्वाचं.

घराचा हा ठसा पुढेही दिसत राहतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ पासून २००९ पर्यंतची गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या किशोरवयातली गाणी त्यांना जवळची वाटली, यात नवल नाही. नवल पुढे आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गाणी, म्हणजे त्यांचे आईबाप ऐन तरुण असतानाची गाणी, हीदेखील त्यांना लक्षणीयरीत्या ओळखीची आणि आवडती निघाली. साठच्या दशकापाशी आणखी एक उंचवटा होता. आवड एका पिढीतून पुढच्या पिढीत झिरपते, आणि तिला शिकवणी लागत नाही. गाडीत, स्वयंपाकघरात, सुट्टीच्या सकाळी जे वाजतं ते पुरतं.

मराठीत याचं सर्वांत ठळक उदाहरण ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर चाललं; गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली. त्या वर्षी ज्यांनी रेडिओभोवती बसून ते ऐकलं, त्यांतले बरेचसे आज हयात नाहीत. तरीही त्या चाली आज चाळिशीत असलेल्या अनेकांना पाठ आहेत, कारण त्या आजीच्या घरात वाजत होत्या. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं, तेव्हा पंडित जितेंद्र अभिषेकींच्या चाली आणि वसंतराव देशपांड्यांचं गाणं यांनी प्रेक्षक झपाटले. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला, तेव्हा थिएटरात आजोबा आणि नातू शेजारी बसलेले दिसत. आजोबा वसंतरावांचा आवाज शोधत होते, नातवाला ती गाणी पहिल्यांदाच भेटत होती. त्या नातवाच्या आठवणीत १९६७ सालची चाल आता २०१५ सालची म्हणून राहील.

आता किशोरवयाकडे आणि तारुण्याकडे येऊ, कारण या विषयातला सर्वांत चर्चेतला अभ्यास तिथलाच आहे. १९८९ मध्ये मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १६ ते ८६ वर्षांच्या १०८ जणांना १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि आवड नोंदवायला सांगितली. गाणं आलं तेव्हा ऐकणाऱ्याचं वय किती होतं, याच्याशी आवड ताडून पाहिली, तर तिचं शिखर साधारण साडेतेवीस वर्षांवर निघालं. त्याच्या आधीची आणि नंतरची गाणी हळूहळू कमी आवडत गेली.

हा आकडा फार गाजला आणि तो सगळीकडे नियमासारखा सांगितला जातो. तसा तो सांगू नये. जर्मनीत हाच अभ्यास पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल इतका ठळक आला नाही. अलीकडच्या आणखी एका, बऱ्याच मोठ्या अभ्यासात शिखर सतराव्या वर्षाजवळ सरकलं. नेमकं वर्ष सोडून देऊ. पंधरा ते पंचवीस या दशकातलं संगीत आयुष्यभर जवळचं राहतं, एवढं मात्र वेगवेगळ्या वाटांनी पुन्हापुन्हा दिसत आलं आहे.

कारण संगीतात कमी आणि स्मृतीत जास्त आहे. साठीतल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर त्या सगळ्या वर्षांतून सारख्या येत नाहीत. साधारण दहा ते तिशीतल्या आठवणींची गर्दी होते. पहिलं कॉलेज, पहिलं प्रेम, पहिली नोकरी, घरापासून पहिल्यांदा लांब राहणं. आपण कोण आहोत हे ठरण्याची ही वर्षं, आणि त्या काळात वाजणारी गाणी त्या ठरण्याचा भाग होऊन बसतात. पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की, आठवण जागवणारं गाणं ऐकताना कपाळामागच्या मेंदूचा मधला, वरचा भाग विशेष काम करतो. सूर आणि आत्मचरित्र तिथे एकत्र येतात. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेनं उशिरा झिजतो. मुलांची नावं विसरलेली आजी भजनाचं पुढचं कडवं न चुकता म्हणते तेव्हा घरच्यांना तो चमत्कार वाटतो. त्यामागे ही शरीररचना असावी. विस्मरण झालेल्या माणसाशी बोलणं अवघड झालं असेल, तर त्याच्या विशीतलं गाणं लावून पाहावं. औषध म्हणून ते मी सुचवत नाही. त्या माणसाला भेटायचा एक दरवाजा अजून उघडा असू शकतो, म्हणून सांगतो.

किशोरवयात संगीताला जे महत्त्व असतं ते पुढे तेवढं राहत नाही. २०१३ मध्ये आरियेल बोनव्हिल-रूसी, जेसन रेंटफ्रो आणि सहकाऱ्यांनी अडीच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून असं दाखवलं की, तरुण माणसं संगीताला जास्त किंमत देतात, जास्त वेळ ऐकतात आणि जास्त ठिकाणी ऐकतात. किशोरवयात झणझणीत, आक्रमक संगीताकडे ओढ असते. पुढे नाचतं, ताल धरायला लावणारं लोकप्रिय संगीत येतं. मध्यमवयानंतर साधं, कथा सांगणारं गाणं आणि दुसरीकडे जॅझ किंवा पाश्चात्त्य शास्त्रीयसारखं गुंतागुंतीचं संगीत या दोन्हींची आवड वाढते. संशोधकांनी ही वाट माणसाच्या गरजांशी जोडली: आधी मी वेगळा आहे हे सांगायची गरज, मग जवळीक, मग स्थैर्य आणि स्वतःशी बोलणं. पाहणी मुख्यतः पाश्चात्त्य इंग्रजीभाषकांची होती, तेव्हा ती जशीच्या तशी सांगली-साताऱ्याला लावता येणार नाही. पण गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणारा अठरा वर्षांचा मुलगा वीस वर्षांनी रात्री दिवा मालवून मंद आवाजात गझल लावतो, हे आपल्या ओळखीचं चित्र आहे.

तिशीत मात्र एक गोष्ट हातातून निसटते. २०१५ मध्ये स्पॉटिफायच्या अमेरिकी श्रोत्यांच्या नोंदींवरून कुणीतरी हिशेब मांडला, तेव्हा सरासरी माणूस तेहतिशीच्या सुमारास नव्या लोकप्रिय गाण्यांपासून दूर गेलेला दिसला. याला आवड संपणं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. नोकरी, लहान मुलं, आजारी आईवडील, लोकलमधले तीन तास यांत संपतो तो शोधायचा वेळ. आणि नवं गाणं कानाला लावणारे मित्र पांगतात. कॉलेजात कुणीतरी कॅसेट हातात कोंबायचं, हे ऐकच म्हणायचं. चाळिशीत असं म्हणणारं कुणी उरत नाही, मग माणूस ओळखीच्या गाण्यांकडे परततो. बाजाराला हे नीट कळतं. २०१७ मध्ये सारेगामानं ‘कारवाँ’ नावाचा जुन्या रेडिओसारखा दिसणारा संच काढला, त्यात पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली होती. शोधायचं काही नाही, निवडायचं फारसं नाही, फक्त बटण फिरवायचं. आईवडिलांना भेट म्हणून तो घरोघरी गेला. त्यानं अनेक वृद्धांच्या दुपारी सुखाच्या केल्या, आणि त्यांचं ऐकणं १९५० ते १९८० च्या दरम्यान बंदिस्तही केलं.

कानाचंही वय होतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय म्हाताऱ्यांच्या तक्रारी समजत नाहीत. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचं रूपांतर मेंदूला कळेल अशा संदेशात त्या करतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच आवाज टिपतात आणि सर्वांत आधी त्याच जातात. लहान मुलाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. पन्नाशी-साठीत वरचा बराच पट्टा गेलेला असतो. आता गाण्याचा पट्टा पाहा. पुरुष गायकाचा काळी एकचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, स्त्रीचा काळी पाचचा सुमारे २३३. तारसप्तकात गेलं तरी आवाजाची मूळ कंपनं हजार हर्ट्झच्या आतच राहतात. म्हणजे सूर शाबूत राहतो. जातात ती व्यंजनं: स, श, च, फ यांचा बराचसा ध्वनी उंच पट्ट्यात असतो. सत्तरीतल्या माणसाला चाल स्वच्छ ऐकू येते, शब्द पुसट होतात.

त्यात भर म्हणजे मंद आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज तरुणाइतकाच मोठा वाटतो. सहन होण्याची आणि ऐकू येण्याची रेषा एकमेकींजवळ सरकतात. आजी म्हणतात, ऐकू येत नाही, वाढव. वाढवलं की लगेच म्हणतात, केवढा गोंगाट! घरात यावरून त्यांची थट्टा होते. ती करू नये, त्या शब्दशः खरं सांगत असतात. दाट वाद्यमेळाच्या गाण्यात शब्द, ढोल, गिटार हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं तेव्हा त्यांना त्यातून गळा वेगळा काढता येत नाही. तानपुरा, तबला, एक आवाज एवढंच असेल तर येतो. वयोमानानं माणसं शांत संगीताकडे वळतात याचा काही भाग अध्यात्मात असेल, काही भाग नक्कीच केसपेशींत आहे.

श्रवणयंत्र लावणाऱ्या रसिकांसाठी एक उपयोगी गोष्ट सांगायला हवी. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. शिट्टी वाजू नये म्हणून त्यांत केलेली सोय बासरीचा किंवा तानपुऱ्याचा लांबलेला सूरही शिट्टीच समजून दाबू पाहते, आणि मग सूर थरथरल्यासारखा किंवा बेसूर ऐकू येतो. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी जोडणी करून घेता येते. ती मागावी लागते. कित्येकांनी ती न मागताच गाणं सोडून दिलेलं आहे.

इथवर जे सांगितलं त्यात गमावण्याचाच हिशेब जास्त आला. मिळवण्याचा हिशेबही तितकाच मोठा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दाखवलं की, एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. तीन वर्षांनी डॅनिएल बर्लाइन यांनी त्याला मर्यादा घातली: फार सोपं पटकन कंटाळवाणं होतं, फार अवघड परकं वाटतं, सुख मधे कुठेतरी असतं. पण अवघड हे माणसावर अवलंबून आहे. ऐकत गेलं की कालचं अवघड आज मध्यावर येतं. पहिल्यांदा ख्याल ऐकणाऱ्याला सगळे आलाप सारखेच वाटतात, आणि हे गाणं पुढे का जात नाही असं त्याला मनापासून वाटतं. वीस वर्षं ऐकलेल्याला त्याच आलापात गायकानं गंधार किती वेळ टाळला, हे ऐकू येतं.

विलंबित एकताल हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. मात्रा बारा, पण अतिविलंबित लयीत एका आवर्तनाला मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. नवख्या श्रोत्याच्या मनात ती बारा मात्रांची साखळी तुटते. पाचवी मात्रा येईपर्यंत पहिली विसरलेली असते. मुरलेल्या श्रोत्याला ठेक्याचे बोल ओळखीचे असतात, म्हणून पुढचं अंतर त्याला आधीच दिसतं. गायक मुखडा उचलतो तेव्हा त्याचं अंग पुढे झुकतं आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, हात आपोआप खाली येतो. मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलिमपूर आणि रॉबर्ट झातोर यांनी २०११ मध्ये असं दाखवलं की, आवडत्या संगीतात परमोच्च क्षण येण्याआधीच, त्याची वाट पाहतानाच मेंदूच्या एका भागात डोपामीन सुटतं, आणि क्षण आल्यावर दुसऱ्या भागात. त्यांनी समेवर प्रयोग केला नव्हता, हा दुवा मी जोडतो आहे. पण जो वाट पाहायला शिकला त्यालाच समेचं सुख मिळतं, हे मैफलीत कुणीही पाहू शकतं. विशीत धीर कमी असतो. तो कालांतरानं येतो, आणि ऐकूनच येतो.

या प्रवासाचा नकाशा मराठीत सर्वांत नेटका मांडला तो वामनराव देशपांडे यांनी. व्यवसायानं ते चार्टर्ड अकाउंटंट होते, आणि १९६१ मध्ये आलेलं त्यांचं ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक आजही वाचलं जातं. एका टोकाला सुरावर सगळा भर देणारं किराणा, दुसऱ्या टोकाला लयीवर भर देणारं आग्रा, आणि दोहोंचा तोल साधणारं जयपूर, असा त्यांचा आडाखा होता. त्यावर पुष्कळ वाद झाले. ऐकणाऱ्याच्या वयाशी तो मी जोडून पाहतो तेव्हा मला एक वाट वारंवार दिसते. बहुतेक जण आधी सुराच्या मोहानं येतात: अब्दुल करीम खाँ, भीमसेन. मग लयीची गोडी लागते. आणि अल्लादिया खाँच्या जयपूर घराण्यातले अनवट आणि जोडराग, ज्यांत दोन रागांचे रंग क्षणाक्षणाला पालटतात, ते बऱ्याच उशिरा उलगडतात. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर यांच्यावर जीव टाकणाऱ्यांना विचारून पाहा. चाळिशीच्या आधी हे गाणं आपल्याला भिडलं नव्हतं असं सांगणारे त्यांत पुष्कळ निघतात.

पण इथेच एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. परिपक्व होणं म्हणजे सिनेमाच्या गाण्यावरून ख्यालावर जाणं, अशी शिडी आपल्या मध्यमवर्गानं मनात उभी करून ठेवली आहे. ती खोटी आहे आणि तिनं पुष्कळ माणसांना गाण्यापासून लांब ठेवलं. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ऐकून शब्दागणिक बदलणारा भाव टिपणारा, ढोलकीवाल्यानं एखादी थाप किती मागे ठेवली हे ओळखणारा फडावरचा श्रोता कुठल्याही कानसेनाहून कमी मुरलेला नसतो. वयाची साठ वर्षं जुन्या हिंदी गाण्यांतच घालवलेलं माणूस आज त्याच गाण्यात अंतरा सुरू होण्याआधीचा व्हायोलिनचा तुकडा ऐकतं, जो त्याला विशीत ऐकूच आला नव्हता. तेव्हा ते नायिकेकडे बघत होतं. गाणं तेच आहे आणि आवड खोल गेली आहे. उलट चाळीस वर्षं मैफलींना जाऊनही कुणाचं नाव मोठं एवढंच पाहणारे श्रोते असतात, त्यांचं वय वाढलं, कान वाढला नाही.

ऐकण्याची खोली साधनांनीही ठरते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं बसायची. उस्तादांनी राग त्या तीन मिनिटांत कोंडला आणि श्रोत्यांनी तो शेकडो वेळा उगाळला. अकरा वर्षांचे भीमसेन जोशी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून गुरूच्या शोधात घर सोडून गेले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. एवढ्याशा तुकड्याची ती ताकद होती, आणि तेच तेच ऐकण्याचीही. पुढे एलपीनं एका बाजूला वीसेक मिनिटं दिली, तेव्हा बडा ख्याल घरात आला. आता फोनवर तीन तासांची मैफल फुकट मिळते, आणि तिसाव्या सेकंदाला पुढे सरकायची सोयही. सवय कुठली लागते ते आपण काय निवडतो यावर ठरतं, आणि अंगठा आपल्या आधी निवडून मोकळा होतो.

दरवाजे उघडणारी माणसंही असतात. सत्तरच्या दशकापासून भीमसेनांनी ‘अभंगवाणी’चे कार्यक्रम केले. अभंग ऐकायला आलेल्या हजारो लोकांना त्यांनी रागांची चव दिली, नाव न सांगता. त्यांतले कितीतरी पुढे डिसेंबरात पुण्यात ‘सवाई’च्या मांडवात येऊन बसले. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव कित्येक वर्षं रात्रभर चालत असे. मालकंस, दरबारी मध्यरात्री, आणि उजाडताना ललत किंवा भैरव. भारतीय बैठकीवर शेजारी कोण येईल याचा नेम नसे. एखादे अनोळखी आजोबा एका जागेवर हलक्या आवाजात वाहवा देत, आणि शेजारचा विद्यार्थी दचकून विचारात पडे की आत्ता नेमकं काय झालं. कितीतरी कान असे शेजाऱ्याच्या दादीवर घडले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यानंतर रात्री ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागले आणि महोत्सवाच्या वेळा दिवसाकडे सरकल्या. आवाजाचा त्रास खरा आहे, त्यामुळे नियमाला माझा विरोध नाही. तरी मध्यरात्रीचा दरबारी मध्यरात्रीच ऐकण्याचा जाहीर प्रसंग आता तरुणांच्या वाट्याला फारसा येत नाही, याचं दुःख मला आहे. हेडफोन लावून एकटं ऐकणाऱ्याला शेजारी नसतो.

मग उशीर झाला असेल तर काय? पन्नाशी-साठीनंतर नव्यानं हार्मोनियम, तबला, गाणं शिकायला बसणारी माणसं आता प्रत्येक शहरात आहेत. त्यांतली फार थोडी मैफलीत गातील, आणि तशी त्यांची अपेक्षाही नसते. पण स्वतः षड्ज लावायचा प्रयत्न केलेल्या माणसाला दुसऱ्याचा षड्ज वेगळा ऐकू येतो. हा अनुभव प्रयोगातही मिळतो. बेंजामिन झेंडल आणि क्लोड अलेन यांनी २०१२ मध्ये आयुष्यभर वाद्य वाजवलेल्या आणि न वाजवलेल्या माणसांची तुलना केली. नुसता मंद सूर ऐकू येण्याच्या बाबतीत दोघांचं वय सारखंच दिसलं; वादकांच्या केसपेशी काही जास्त टिकल्या नव्हत्या. पण गोंगाटातून बोलणं वेगळं काढायच्या वेळी सत्तरीतला वादक पन्नाशीतल्या संगीत न शिकलेल्या माणसाच्या बरोबरीनं ठरला. कान झिजला, ऐकणं राहिलं.

आणि त्यासाठी आयुष्यभर वाजवलेलंच असावं लागतं असंही नाही. टोरांटोमध्ये २०१९ च्या एका अभ्यासात ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांना दहा आठवडे समूहगायनाला नेलं, तेव्हा गोंगाटातलं बोलणं समजण्याची त्यांची क्षमता सुधारली. कॅनडातल्या संशोधकांनी ज्यासाठी वर्ग भरवला, ते आपल्याकडे गावोगावच्या भजनी मंडळांत आठवड्यातून एकदा आपसूक होतं. टाळ आणि पखवाज जोरात वाजत असतात, पुढची बाई चरण उचलते, आणि मागे बसलेल्या साठी-सत्तरीतल्या बायकांना त्या कल्लोळातून तिचा सूर आणि शब्द नेमके पकडून पुढच्या आवर्तनाच्या आत परत म्हणायचे असतात.